सोलरचे युनिट कमी येतायत? सर्व्हिसवाल्याला बोलावण्याआधी हे बघा

‘युनिट कमी येतायत’ ही तक्रार सर्व्हिस सेंटरवाले दिवसभर ऐकत असतात आणि तिचं ठरलेलं उत्तर असतं: पॅनेल धुऊन बघा. धुवून फरक पडला नाही की ‘माणूस पाठवतो’, आणि तो माणूस येतो तेव्हा नेमकं सगळं सुरळीत चालू असतं. म्हणून फोन करण्याआधी बिघाड कुठे आहे याचा अंदाज आपणच घ्यायचा. छतावरच्या सोलरमागे एक जबाबदार माणूस नसतो, चार असतात: पॅनेल बनवणारी कंपनी, इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) कंपनी, संच बसवणारी एजन्सी आणि महावितरण (मुंबईत जी वीज कंपनी असेल ती). तक्रार चुकीच्या दारी गेली की ती टोलवाटोलवीत अडकते.

आधी अपेक्षा तपासा. महाराष्ट्रात एक किलोवॅटमागे वर्षभराची सरासरी दिवसाला साधारण ४ युनिट धरतात. ३ किलोवॅटच्या संचाने उन्हाळ्यात १२ ते १४ युनिट दिले तर तो व्यवस्थित आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हेच निम्म्यावर येतं, आणि संततधार लागलेल्या दिवशी दोन-तीन युनिट मिळाले तरी त्यात बिघाड काही नाही. मे महिन्यात ऊन कडक असूनही ३ किलोवॅटचा संच दुपारी सव्वादोन-अडीच किलोवॅटच्या वर जात नाही, याचं अनेकांना नवल वाटतं. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. दुपारी पॅनेल ६० अंशांच्या पुढे तापतं आणि प्रत्येक अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. शेजाऱ्याशी तुलना करायची तर एकूण युनिटांना संचाच्या किलोवॅटने भागा आणि मग बघा. त्याची पॅनेलं दक्षिणेकडे आणि तुमची पश्चिमेकडे असतील तर ती तुलनाही सोडून द्या.

अ‍ॅप शून्य दाखवतंय

सगळ्यात जास्त फोन याचेच येतात आणि बहुतेक वेळा संचाला काहीच झालेलं नसतं. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर आजचे युनिट आणि एकूण युनिट बघा. आकडा वाढतोय म्हणजे वीज तयार होतेय, फक्त वायफायची काडी (डॉंगल) बंद पडलीय. घरचा राउटर बदलला किंवा पासवर्ड बदलला की असं होतं. बऱ्याचशा डॉंगल फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. नवीन राउटरने दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवले असतील तर २.४ चं नाव वेगळं करा आणि डॉंगल नव्याने जोडा. इन्व्हर्टर गच्चीवर आणि राउटर तळमजल्यावर असेल तर मधले दोन स्लॅब सिग्नल खातात, तिथे रिपीटर लावावा लागतो.

हे करताना आणखी एक गोष्ट तपासा: अ‍ॅपमध्ये संचाचा मालक म्हणून कोणाची नोंद आहे. बऱ्याच एजन्स्या स्वतःच्या खात्यातून संच नोंदवतात आणि ग्राहकाला नुसतं बघण्यापुरतं देतात. एजन्सी उद्या बंद झाली तर मागचा सगळा इतिहास तिच्याकडेच राहील. मालकी आपल्या ईमेलवर करून घ्या.

ग्राफ वाचायला शिका

निरभ्र दिवसाचा ग्राफ टेकडीसारखा गुळगुळीत असतो. बिघाड काय आहे ते हा आकार बिघडतो कसा, यावरून कळतं.

रोज ठरावीक वेळी खाच पडत असेल तर सावली. पाण्याची टाकी, शेजारी चढलेला नवा मजला, नारळाची झावळी, अगदी डिश अँटेनासुद्धा. हिवाळ्यात अचानक युनिट घटतात त्यामागे बहुधा हेच असतं. पुण्यात डिसेंबरअखेर सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, त्यामुळे दोन मीटर उंच टाकीची सावली उत्तरेला पावणेदोन मीटरच्या पुढे जाते. मे महिन्यात गच्ची बघून ‘सावली नाही’ असं सांगून गेलेला सोलरवाला तेव्हा खोटं बोलत नव्हता, पण डिसेंबरचा हिशेब त्याने केला नव्हता. एवढीशी सावलीही महाग पडते, कारण पॅनेलं एकामागोमाग एक जोडलेली असतात, एकाची वीज घटली की बाकीच्यांचीही अडते.

टेकडीचा माथा सपाट कापल्यासारखा दिसला तर इन्व्हर्टर त्याच्या कमाल क्षमतेला पोचलाय, तो दोष नाही. पण माथा सपाट असून आकडा क्षमतेपेक्षा बराच खाली असेल तर इन्व्हर्टर तापतोय. पश्चिमेच्या उन्हात, पत्र्याच्या पेटीत बसवलेल्या इन्व्हर्टरचं हे नेहमीचं दुखणं. त्याला सावली आणि चारही बाजूंनी वारा खेळायला जागा हवी.

दिवसभर गुळगुळीत पण संपूर्ण ग्राफच बुटका असेल तर धूळ, किंवा एखादं पॅनेल गेलंय. कोल्हापूर-सांगलीकडे गाळप हंगामात कारखान्याची काजळी पॅनेलवर बसते, ती नुसत्या पाण्याने निघत नाही. मऊ ब्रश लागतो. पक्ष्यांची विष्ठा पावसानेही जात नाही, आणि तिच्याखालचा सेल तापून कायमचा खराब होऊ शकतो. धुवायचं ते सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, पॅनेलवर पाय देऊ नका. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतलं तर लगेच पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग बसतात आणि ते धुळीपेक्षा चिवट.

आणि ग्राफ कंगव्यासारखा असेल, म्हणजे दुपारी दर काही मिनिटांनी शून्यावर येऊन पुन्हा वर जात असेल, तर प्रश्न व्होल्टेजचा आहे. यावर थोडं सविस्तर, कारण खरी टोलवाटोलवी इथे होते.

दुपारी इन्व्हर्टर सारखा बंद पडतो

वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला लाइनपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. लाइनचं व्होल्टेज २३० च्या ११० टक्क्यांपुढे, म्हणजे २५३ च्या वर गेलं की इन्व्हर्टरने बंद व्हावं असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे. तो पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. एजन्सी म्हणते लाइनचा दोष, लाइनमन म्हणतो सोलरचा. कोणाचं खरं, ते अर्ध्या तासात ठरवता येतं.

कडक उन्हात, इन्व्हर्टर चालू असताना, एकाच वेळी दोन आकडे घ्या: इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचं एसी (घराकडे जाणाऱ्या विजेचं) व्होल्टेज आणि वीज कंपनीच्या मीटरवरचं व्होल्टेज (बहुतेक मीटरवर बटण दाबत गेलं की ते दिसतं). नंतर सोलरची एसी एमसीबी (इन्व्हर्टर आणि घरची लाइन यांच्यामधला खटका) पाच मिनिटं बंद ठेवून मीटरवरचं पुन्हा बघा. तिन्ही आकड्यांचे फोटो काढा.

इन्व्हर्टर आणि मीटर यांच्यात चार-पाच व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर केबल बारीक आहे किंवा जोड सैल आहे, आणि ते काम एजन्सीचं. हिशेब सोपा: ३ किलोवॅटला सुमारे १३ अँपिअर करंट असतो. गच्चीपासून मीटरपर्यंत ३० मीटर अंतर आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर जवळजवळ ६ व्होल्ट वायरमध्येच चढतात. ६ चौरस मिलिमीटरची वापरली तर अडीचसुद्धा नाहीत. फरक याहूनही जास्त निघाला तर एसीडीबी पेटीतले (इन्व्हर्टरनंतरची जोडणीची पेटी) स्क्रू सैल आहेत, तिथे प्लास्टिक काळवंडलेलं दिसेल.

सोलर बंद असतानाही मीटरवर २५० दिसत असेल तर प्रश्न डीपीचा, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा. कमी दाबाच्या ग्राहकाला २३० च्या ६ टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४ च्या दरम्यान वीज मिळायला हवी. फोटोंसह वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि डीपीचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय) बदलण्याची मागणी करा. १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक अर्जावर लिहा.

एक आडवाट काही टेक्निशियन सुचवतात: इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये व्होल्टेजची मर्यादा वाढवून २७० करणं. बंद पडणं थांबतं, ग्राहक खूश. पण मग तेच २६० व्होल्ट घरातल्या फ्रिजला आणि टीव्हीलाही मिळतात. करून घेऊ नका.

पावसात सकाळी ‘इन्सुलेशन’ किंवा ‘आयएसओ’चा एरर

पावसाळ्यात सकाळी एरर येतो, ऊन पडलं की अकराच्या सुमारास आपोआप जातो, आणि सर्व्हिसवाला दुपारी येऊन ‘सगळं ठीक आहे’ म्हणून जातो. कुठेतरी डीसी वायरमधली (पॅनेलकडून इन्व्हर्टरकडे येणारी) वीज ओलाव्यातून जमिनीत गळतेय. खालून बघता येईल तेवढं बघा: वायरी जोडणारे काळे एमसी-४ कनेक्टर स्लॅबवर पाण्यात पडलेत का, स्ट्रक्चरच्या धारदार कडेला वायर घासतेय का, उंदीर-खारीने किंवा माकडांनी ती कुरतडलीय का. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसवले असतील तर वरून घट्ट वाटले तरी त्यातून पाणी शिरतं. एररचा कोड आणि वेळ दिसेल असा फोटो काढा आणि माणूस सकाळीच, मेगर (इन्सुलेशन तपासण्याचं उपकरण) घेऊन यावा असं तक्रारीतच लिहा.

हे कनेक्टर स्वतः उघडू नका. ५५० वॅटची ६ पॅनेलं असतील तर त्यात अडीचशेच्या पुढे डीसी व्होल्टेज असतं, आणि चालू करंटमध्ये कनेक्टर ओढला तर ठिणगी विझत नाही. संच बंद करायचा तर आधी एसी एमसीबी, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडच्या बाजूचा खटका). पॅनेलवर ऊन आहे तोवर वायरीत वीज असतेच, बटण बंद केलं म्हणून ती जात नाही.

पॅनेल गेलंय का?

इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर ‘पीव्ही व्होल्टेज’ असतं, म्हणजे पॅनेलांकडून येणारं. वरच्याच ६ पॅनेलांच्या संचात ते तापलेल्या दुपारी २२० च्या आसपास चालतं. १२-१३ व्होल्ट कमी दिसत असतील तर एखाद्या पॅनेलमधला तीनपैकी एक बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारा भाग) गेलेला असू शकतो. ३६-३७ कमी असतील तर एक संपूर्ण पॅनेलच हिशेबात नाही. संच नवा असतानाच एका निरभ्र दुपारी हा आकडा टिपून ठेवला तर पुढे तुलनेला काहीतरी हाताशी राहतं. व्होल्टेज बघाल तेव्हाच डीसीडीबीतल्या (पॅनेलकडच्या जोडणीची पेटी) एसपीडीची, म्हणजे विजेच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या भागाची, हिरवी खिडकीही बघा. ती लाल झाली असेल तर वीज पडली किंवा दाब वाढला, तेव्हा एसपीडीने स्वतःचा बळी देऊन इन्व्हर्टर वाचवलाय. ती बदलायलाच हवी.

तक्रार लिहायची कशी

फोनवर सांगितलेलं विरून जातं, व्हॉट्सअ‍ॅपवरचं खाली जातं. ईमेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. नमुना असा:

‘३.३ किलोवॅटचा संच, इन्व्हर्टर सिरीयल नंबर अमुक, बसवल्याची तारीख अमुक. गेले चार दिवस साडेअकरा ते दोनच्या दरम्यान ग्रिड ओव्हरव्होल्टेज दाखवून इन्व्हर्टर बंद पडतो. त्या वेळी इन्व्हर्टरवर २५४ व्होल्ट, मीटरवर २४४. सोलर बंद केल्यावर मीटरवर २४१. एसी केबल २.५ चौरस मिलिमीटर, अंदाजे ३५ मीटर. ग्राफ आणि फोटो सोबत जोडले आहेत. केबल आणि जोड तपासून बदलून द्यावेत.’

अशा पत्राला ‘पॅनेल धुऊन बघा’ हे उत्तर देता येत नाही.

पीएम सूर्यघर योजनेतून (३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं तीच) संच बसवला असेल तर पाच वर्षं देखभाल करणं एजन्सीवर बंधनकारक आहे. ती दाद देत नसेल तर योजनेच्या पोर्टलवर किंवा १५५५५ वर तक्रार करा. एजन्सी गायबच झाली असेल तरी पॅनेल आणि इन्व्हर्टरच्या वॉरंटी त्या त्या कंपन्यांच्या असतात. बिल आणि सिरीयल नंबर असले की थेट त्यांच्याकडे जाता येतं. पॅनेलचे नंबर मागच्या बाजूच्या स्टिकरवर असतात आणि एकदा पॅनेल छतालगत बसलं की ते वाचणं मुश्कील, म्हणून बसवतानाच फोटो काढलेले बरे. वॉरंटीत नवीन पॅनेल मिळालं तरी वाहतूक आणि उतरवण्या-चढवण्याची मजुरी बऱ्याचदा ग्राहकाकडे लागते, ते आधी विचारून घ्या.

बिलाची तक्रार मात्र वेगळी ठेवा. घरचा खरा वापर म्हणजे सोलरचे युनिट, वजा बाहेर गेलेले, अधिक आत आलेले. नेट मीटर (आत आलेले आणि बाहेर गेलेले युनिट मोजणारा) बसल्यावर पहिल्या एक-दोन बिलांत बाहेर गेलेल्या युनिटांची नोंदच नसणं, हे प्रकार होतात; मीटरचा फोटो आणि बिल घेऊन वीज कंपनीच्या उपविभागात जा. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यापुढे मुंबई किंवा नागपूरचे विद्युत लोकपाल. एजन्सी किंवा कंपनीविरुद्ध १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

इन्व्हर्टर बदलून मिळत असेल तर जुना काढण्याआधी त्यावरच्या एकूण युनिटांचा फोटो काढून ठेवा, नवा शून्यापासून मोजायला लागतो. नव्याचा सिरीयल नंबर वॉरंटीत आणि अ‍ॅपमध्ये चढल्याशिवाय आलेल्या माणसाच्या कागदावर ‘काम पूर्ण’ म्हणून सही करू नका.