बॉयलरमध्ये काळा गाळ नको असेल तर या चुका टाळा

इंग्लंडमध्ये नवीन घर घेतलेल्या आपल्या मंडळींचे फोन मला ऑक्टोबर संपता संपता सुरू होतात. खोली गरम करणारा भिंतीवरचा रेडिएटर वरून गरम आणि खालून गार, त्याला गरम पाणी पुरवणारा बॉयलर घरघर करतोय, नळाचं पाणी मधेच गार होतंय. बहुतेक वेळा कारण एकच, गाळ.

आधी एक गैरसमज काढून टाका. पुण्यात गीझरमध्ये बसतात ते पांढरे क्षार, हा प्रकार वेगळा. हा गाळ काळा असतो आणि बाहेरून येत नाही, तुमच्याच स्टीलच्या रेडिएटरना आतून गंज चढून तयार होतो, म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड, मॅग्नेटाइट. हीटिंगचं पाणी नळाला येत नाही, तेच पाणी वर्षानुवर्षं बंद पाइपांत फिरत असतं. त्यातला ऑक्सिजन संपला की गंजायचं प्रमाण खूप कमी होतं, पण ताजं पाणी घातलं की ताजा ऑक्सिजन मिळतो आणि गंज पुन्हा जोरात सुरू.

आणि तरीही लोक नेमकं हेच करतात! प्रेशर उतरलं की फिलिंग लूप, म्हणजे नळाचं पाणी सिस्टीममध्ये भरायची जोडणी, उघडायचा, पाणी भरायचं, विसरून जायचं. रेडिंगला माझा एक मित्र आहे, त्याने अख्खा हिवाळा दर दोन दिवसांनी पाणी भरलं, मी दोनदा सांगितलं की अरे पाणी जातंय कुठे ते बघ, तर म्हणे ताजं पाणी गेलं तर चांगलंच ना, आतलं स्वच्छ होईल. फेब्रुवारीत शॉवर सुरू असताना पाणी गरम-गार, गरम-गार व्हायला लागलं, घरात सहा महिन्यांचं बाळ. इंजिनिअरने प्लेट हीट एक्स्चेंजर, म्हणजे बॉयलरमधला नळाचं पाणी तापवणारा भाग, काढला तर आतून काळा चिखल निघाला. वॉरंटी होती, पण कंपनीने गाळ बघून हात वर केले, सगळा खर्च खिशातून गेला. आणि गळती कुठे होती, तर वरच्या खोलीत पलंगामागच्या रेडिएटरच्या व्हॉल्व्हला, कार्पेट कायम ओलं. स्पॅनरने नट आवळला, दहा मिनिटांचं काम.

म्हणून सांगतो, सिस्टीम गार असताना प्रेशर १ ते १.५ बार हवं आणि वर्षातून एकदा-दोनदा थोडं भरावं लागलं तर ठीक. महिन्यात दोनदा भरावं लागलं तर गळती शोधा, नाहीतर एक्स्पान्शन व्हेसल, म्हणजे तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारी टाकी, तपासून घ्या.

दुसरी चूक म्हणजे जुन्या पाइपांवर नवा बॉयलर लावताना फ्लश न करणं, म्हणजे आतला गाळ आधी धुऊन न काढणं. स्वस्त कोटेशन का स्वस्त असतं ते बघा, बऱ्याचदा त्यात फ्लशच नसतो. ही घाई मला अजिबात पटत नाही, एवढे पैसे घालून आणलेल्या बॉयलरमध्ये पहिल्याच दिवशी वीस वर्षांचा गाळ ढकलायचा का? फक्त पाइप बारीक, मायक्रोबोअर असतील तर आधी अनुभवी माणसाला विचारा, तिथे पंपाने जोरात केलेला पॉवर फ्लश नेहमीच चालतो असं नाही.

भिंत रंगवायला रेडिएटर काढला, पाणी सोडलं, परत भरलं आणि इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन, घातलंच नाही, हेही सर्रास होतं. बीएस ७५९३ या ब्रिटिश स्टँडर्डच्या २०१९ च्या आवृत्तीत फिल्टर बसवा, इनहिबिटर दरवर्षी तपासा आणि पाच वर्षांनी नव्याने घाला किंवा पाण्याची पूर्ण तपासणी करा, असं स्पष्ट आहे.

चुंबकाने गाळ पकडणारा मॅग्नेटिक फिल्टर बॉयलरकडे परत येणाऱ्या पाइपवर, बॉयलरच्या अलीकडे बसवतात. पण बसवून विसरलात तर काय उपयोग? मी सप्टेंबरमध्ये साफ करतो. बॉयलर बंद करून गार होऊ देतो, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, मग चुंबक बाहेर, मग खालून काळं पाणी बादलीत. त्याच दिवशी रेडिएटरचं थोडं पाणी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घेतो आणि रात्रभर ठेवतो. सकाळी तळाशी काळं बसलं आणि बाहेरून चुंबक लावल्यावर ते सरकलं की समजायचं, आत गंज चालू आहे.

व्हिनेगर, सोडा वगैरे सिस्टीममध्ये घालू नका. बॉयलरचं झाकण स्वतः उघडू नका, ते काम गॅस सेफ रजिस्टर्ड, म्हणजे गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेल्या, माणसाचं, आणि आला की कार्ड मागा, त्यात लाजायचं काही नाही.

आणि एखादा रेडिएटर दर पंधरा दिवसांनी ब्लीड करावा, म्हणजे आतली हवा सोडावी, लागत असेल तर ती नुसती हवा असेलच असं नाही, गंजताना हायड्रोजनही तयार होतो आणि तो पेट घेतो. ब्लीड करताना जवळ काडी, लायटर, मेणबत्ती काही नको, आणि त्याच आठवड्यात बरणीची टेस्ट करून घ्या.