जुना ट्यूब अ‍ॅम्प बघायला जाताना

बाकीचं विसरलात तरी एक वेळ निभावेल, पण हे विसरू नका: स्वतःची गिटार लावून, ड्रमरबरोबर वाजवता तेवढ्या आवाजात अ‍ॅम्प ऐकल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. दोन ईएल८४ ट्यूबचा (ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह) १५ वॉटचा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, विकणाऱ्याचा हॉल, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून व्हॉल्यूम दोनवर. गोड वाजला, घेतला. पहिल्याच तालमीत ड्रम सुरू झाल्यावर व्हॉल्यूम सहापर्यंत न्यावा लागला आणि प्रत्येक कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) फाटायला लागली. अ‍ॅम्पमध्ये काही बिघाड नव्हता. १५ वॉटचा अ‍ॅम्प रेटला की असाच वाजतो, आणि फाटका आवाज ज्यांना हवा असतो ते त्यासाठीच तो घेतात. मला क्लीन, म्हणजे न फाटणारा स्वच्छ आवाज हवा होता.

व्हॉल्यूम दोनवर जवळजवळ कुठलाही अ‍ॅम्प क्लीन वाजतो. तेवढ्या आवाजात ऐकून क्लीनबद्दल काहीच कळत नाही.

घरातून निघण्याआधी वॉटचा हिशेब डोक्यात पक्का करा. १५चे ३० वॉट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. फरक पडतो ३ डेसिबलचा, कानाला ‘थोडा मोठा’ वाटण्याइतका. दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. तरी वॉट बघायचे ते हेडरूमसाठी, म्हणजे आवाज फाटायच्या आत किती जागा उरते त्यासाठी. पिक जोरात मारल्यावर क्षणभर जी उसळी येते ती त्या जागेत मावली पाहिजे. स्पीकरचंही तेवढंच महत्त्व आहे आणि त्याबद्दल कोणी विचारतच नाही. ९७ डेसिबल संवेदनशीलतेचा (तेवढ्याच वॉटमध्ये किती मोठा वाजतो त्याचं माप) स्पीकर काढून १०० डेसिबलचा बसवला, तर वॉट दुप्पट केल्याइतका आवाज वाढतो. उलटही होतं. मूळ स्पीकर बदललाय का, आता कोणता आहे, हे फोनवरच विचारा.

कुठला अ‍ॅम्प? फेंडर ट्विन रिव्हर्बमध्ये चार ६एल६ ट्यूब, ८५ वॉट आणि १२ इंची दोन स्पीकर असतात. क्लीनसाठी त्याच्या पुढे बघायची गरज नाही, पण वजन २९ किलोच्या आसपास आहे. लिफ्ट नसेल तर आत्ताच विचार करा. डिलक्स रिव्हर्ब २२ वॉटचा, दोन ६व्ही६ ट्यूबचा. सूर फार सुंदर, पण व्हॉल्यूम चार-पाचच्या पुढे गेला की फाटायला लागतो. छोट्या जागेत किंवा माइक लावून वाजवणाऱ्यांनी घ्यावा. हॉट रॉड डिलक्स ४० वॉट, दोन ६एल६, १२ इंची एक स्पीकर. बहुतेक बँडना हा पुरतो असं माझं मत आहे. त्याचा व्हॉल्यूमचा नॉब मात्र फसवा आहे. बहुतेक आवाज पहिल्या तीन आकड्यांतच येऊन जातो, त्यामुळे ‘अजून दहापर्यंत जागा आहे’ हे कोणी सांगितलं तर मानू नका. व्हॉक्स एसी३० मोठा वाजतो, चमक अप्रतिम, पण त्याचा क्लीन फेंडरसारखा कोरा नसतो; ज्याला तो आवडतो त्याला दुसरा आवडत नाही. रोलंड जेसी-१२० १९७५पासून क्लीनसाठीच नावाजलेला आहे, पण तो ट्रान्झिस्टरचा. ट्यूबचा हट्ट नसेल तर तोच घ्या आणि इथून पुढचं अर्धं वाचू नका.

व्होल्टेज. मागच्या पट्टीचा फोटो आधीच मागवा. अमेरिकेहून कोणी सामानात आणलेला अ‍ॅम्प बहुधा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात तो सरळ खुपसला आणि फक्त फ्यूज उडाला तर नशीब समजायचं. नाहीतर पॉवर ट्रान्सफॉर्मर जातो. तो मिळवणं आणि बदलून घेणं फार महाग पडतं. १२०चाच घ्यायचा असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर (२३० व्होल्टचे १२० करणारा) दणकट हवा. हॉट रॉड डिलक्स १८० वॉट खातो, म्हणजे ट्रान्सफॉर्मर किमान ३०० व्हीएचा (व्हीए हे त्याच्या क्षमतेचं माप), शक्यतो ५००चा. प्रवासात नेतात तो हलका कन्व्हर्टर चालणार नाही. स्टेपडाउनमधून अर्थिंग पुढे जातंय का तेही तपासा, कारण स्वस्तातल्या कितीतरी डब्यांना आउटपुटला दोनच भोकं असतात. हात तारांवर आणि ओठ माइकला टेकलेले असताना अर्थिंग नसणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. अ‍ॅम्प प्लगातून काढून फ्यूज बाहेर काढा आणि त्यावरचा आकडा पट्टीशी ताडून बघा. आकडा मोठा असेल किंवा फ्यूजला तार गुंडाळलेली असेल तर तिथूनच परत फिरा.

पिशवीत स्वतःची गिटार, स्वतःची केबल, टॉर्च, पेन्सिल. गिटार स्वतःचीच. विकणाऱ्याच्या सिंगल कॉइल पिकअपवर (तारांचा सूर पकडणारा गिटारवरचा भाग) निर्मळ वाजणारा अ‍ॅम्प तुमच्या हंबकर पिकअपवर फाटू शकतो, कारण हंबकर इनपुटला जास्त जोर लावतो.

आता जागेचं. फ्लॅटमध्ये पूर्ण आवाज काढता येत नाही, हे खरं आहे. म्हणून विकणाऱ्याला जॅमरूममध्ये बोलवा, तासाचं भाडं तुम्ही भरा आणि ड्रमरला बरोबर न्या. विकणारा नाही म्हणाला तर भर दुपारी, शेजारी कामावर गेलेले असताना जाता येईल का विचारा. तेही जमत नसेल तर अ‍ॅम्प सोडून द्या. एका तासाचं भाडं चुकीच्या अ‍ॅम्पपुढे काहीच नाही.

तुम्ही पोचेपर्यंत अ‍ॅम्प चालू करू नका असं विकणाऱ्याला सांगून ठेवा, गार अवस्थेतून सुरू होताना ऐकायचाय. स्टँडबायवर (ट्यूब तापतात, पण आवाज येत नाही) मिनिटभर ठेवून मग चालू करा. टोनचे नॉब मधोमध, रिव्हर्ब (आवाजाला घुमाव देणारा नॉब) शून्यावर, पेडल एकही नाही. गिटार इनपुट एकमध्ये लावा. फेंडरच्या इनपुट दोनची संवेदनशीलता कमी असते, त्यामुळे तिथे अ‍ॅम्प आहे त्यापेक्षा क्लीन वाटतो. पुढे गरज पडली तर दोन वापरा, पण परीक्षा एकवरच. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण. सर्वांत जाड ई तार मोकळी मारा आणि सूर विझेपर्यंत ऐका: आधी ठोका येतो, मग सूर स्थिरावतो. ठोक्याच्या पाठोपाठ बारीक खरखर लागली तर हेडरूम संपत आलीय. मग सहाही तारांचा ई कॉर्ड, दणकून. एकेक सूर स्वच्छ वाटतो आणि कॉर्ड गढूळ होते, असं पुष्कळदा होतं. फाटण्याची चाहूल आधी कॉर्डमध्येच लागते. आता ड्रमरला नेहमीसारखं वाजवायला सांगा आणि त्याच्या स्नेअरच्या वर गिटार ऐकू येईपर्यंत व्हॉल्यूम वाढवा. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवून चार पावलं मागे उभे राहा. जमिनीवर ठेवलात तर आवाज पोटऱ्यांवर जातो आणि कानाला खरं काही कळत नाही. इथे क्लीन टिकला तर अ‍ॅम्प तुमच्या कामाचा. अर्ध्या तासाने, तापल्यावर, हेच सगळं पुन्हा करा.

ट्यूबांकडे बघताना खोलीतला दिवा घालवा. तंतूचा नारिंगी उजेड ठीक, काचेवर निळसर झाक तीही ठीक. पण आतली करडी प्लेट लालबुंद दिसली तर अ‍ॅम्प ताबडतोब बंद करा. बायस (ट्यूबमधून किती करंट वाहायचा त्याची जुळणी) बिघडलंय किंवा ट्यूब गेलीय. काचेच्या आतला चंदेरी लेप दुधी पांढरा झाला असेल तर आत हवा शिरलीय, ती ट्यूब संपली. प्रीअ‍ॅम्पच्या (गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या) छोट्या ट्यूबांवर पेन्सिलीने हळूच टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा टण्ण आवाज आला तर ती मायक्रोफोनिक झालीय, म्हणजे हादराही माइकसारखा पकडतेय. ट्यूब बदलली की हे स्वस्तात सुटतं, घाबरू नका. बदलायचीच असेल तर, पहिली १२एएक्स७ (प्रीअ‍ॅम्पची नेहमीची ट्यूब) काढून तिथे ५७५१ लावली की गेन (सिग्नल किती वाढतो ते) उतरतो, १२एवाय७ लावली तर आणखी उतरतो. त्यामुळे आवाज उशिरा फाटतो, म्हणून हंबकरवाल्यांना ही युक्ती सांगतात. मात्र तिने पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या ट्यूब) मोठ्या होत नाहीत. १५ वॉटचा अ‍ॅम्प १५ वॉटचाच राहतो.

काही न वाजवताही घरघर जोरात येत असेल तर फिल्टर कपॅसिटर (वीजपुरवठा सपाट करणारे भाग) सुकलेले असू शकतात. १५-२० वर्षांनी ते बदलावे लागतातच, तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा. स्वतः उघडून बघायला जाऊ नका. आत चारशेच्या वरही व्होल्ट असू शकतात आणि प्लग काढल्यावरही साठून राहू शकतात. शाझीच्या (आतल्या धातूच्या सांगाड्याच्या) स्क्रूंची डोकी झिजलेली दिसली तर कोणी, कशासाठी उघडला होता ते विचारा. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहिलेला अ‍ॅम्प असेल तर टॉर्च मारून जॅकवरचा हिरवा थर, गंज आणि स्पीकरच्या कागदावरची बुरशी बघा. नॉब फिरवताना होणारी खरखर बहुधा क्लीनरने जाते. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प कोणी चालू केला होता का, हेही विचारून घ्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा) त्याने जाऊ शकतो.

दुरुस्त करणारा माणूस आधीच शोधून ठेवा. व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेले जुने मेकॅनिक अजून सापडतात. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी इथेच व्हॉल्व्ह बनवायची, त्या काळात शिकलेल्या माणसाला हे सर्किट परकं नसतं. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारा.

रिव्हर्ब, फूटस्विच, चाकं, कव्हर: बघून घ्या. सिरियल नंबर लिहून घ्या. पैसे काढण्याआधी स्वतःला विचारा, ड्रमबरोबर ऐकला का? स्वतःच्या गिटारवर? नसेल ऐकला तर पाकीट खिशातच राहू द्या. ऐकला असेल तर बंद करून ट्यूबा गार होऊ द्या, मगच उचला, आणि रिक्षात नका नेऊ, गाडी मागवा.