भाडेकरू भाडे थकवतो तेव्हा

बेळगावात टिळकवाडी, शहापूर, अनगोळकडे वरचा मजला भाड्याने देणाऱ्यांचं बहुतेक वेळा भाड्यापेक्षा कागदावरून अडतं. करार अकरा महिन्यांचा असला तरी तो संपला की नवा करा. 'चालू दे तसंच' म्हटलं की पुढे मुदतीवरून वाद. एक वर्षाहून जास्त मुदतीचा करार नोंदवावाच लागतो.

भाडे चुकलं की त्याच आठवड्यात लेखी निरोप द्या. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण रक्कम आणि महिना स्पष्ट लिहा. रोख घेतलंत तर पावती द्या आणि प्रतीवर त्याची सही घ्या. हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) मीटरचं रीडिंग घर देताना आणि घेताना फोटोत असू द्या, नाहीतर थकलेलं बिल मालकाच्या गळ्यात.

महिना ३,५०० रुपयांवर भाडे असलेल्या घराला कर्नाटक भाडे कायदा, १९९९ लागत नाही. तिथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ पाहायचं. महिन्याच्या भाडेकरूला घर सोडण्यासाठी १५ दिवसांची लेखी, सही केलेली नोटीस लागते. दिवस ती मिळाल्यापासून मोजायचे. ती वकिलाकडून स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोचपावती जपा. भाडेकरूला कन्नड येत नसेल तर त्याला वाचता येणारी प्रतही जोडा.

घोटाळा होतो तो इथे: नोटिशीची मुदत संपल्यावर नेहमीसारखं भाडे घेतलं, तर तुम्ही नोटीस सोडून दिली असं भाडेकरू कोर्टात म्हणू शकतो. पैसे घ्यायचेच असतील तर 'नोटिशीचा हक्क राखून' असं पावतीवर लिहा.

कुलूप बदलणं, नळ किंवा वीज तोडणं मात्र नकोच. तुमची बाजू खरी असूनही पोलीस तुमच्याच दारात येतील.