तेरचं म्युझियम आणि गाव, पायी कसं बघायचं

धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर, इथलं कापड बैलगाड्यांतून पार भडोचच्या बंदरात जायचं. आधी रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं म्युझियम बघा, पण निघण्याआधी चालू आहे का ते विचारून घ्या. लामतुरे गावातलेच, त्यांनी जमवलेल्या वस्तूंवरच हे उभं राहिलं, मला हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

आत गेलात की घाई नको. सातवाहन काळातली नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या हे बघाच, पण मातीच्या मूर्तींपाशी जास्त थांबा, केसांची ठेवण, दागिने, चेहरे नीट बघा. हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती अजिबात चुकवू नका, तशीच एक इटलीत पॉम्पेईला सापडलीये आणि ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, म्हणजे व्यापार किती जुना ते बघा!

मग चालत त्रिविक्रम मंदिर. विटांचं आहे, मागची बाजू गोलाकार, बौद्ध चैत्यासारखी (म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहासारखी), म्हणून बाहेरून पूर्ण चक्कर मारा. शेवटी तेरणाकाठी गोरोबाकाकांची समाधी, ते कुंभारच होते ना, मातीकाम बघून आल्यावर इथे वेगळंच वाटतं. उन्हाळ्यात मात्र हे सगळं सकाळीच उरका.