आलेला कॉल योग्य व्यक्तीकडे सोपवताना

कार्यालयातील कॉलिंग सॉफ्टवेअरमध्ये कॉल ट्रान्सफर करणे दोन-तीन क्लिकचे काम असले, तरी त्यापूर्वीच्या अर्ध्या मिनिटात केलेल्या तयारीवरच पलीकडच्या व्यक्तीला आपली तक्रार पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागणार की नाही हे ठरते. म्हणून कॉल उचलल्यावर बोलणाऱ्याचे नाव, संपर्क क्रमांक आणि कामाचे स्वरूप लगेच लिहून घ्यावे. मध्येच लाइन तुटली, तर परत फोन करण्यासाठी हीच नोंद उपयोगी पडते.

म्यूट आणि होल्ड यांत अनेकांची गल्लत होते. म्यूट केल्यावर फक्त आपला मायक्रोफोन बंद होतो. समोरच्याचे बोलणे आपल्याला ऐकू येत राहते, पण त्याच्या बाजूला पूर्ण शांतता पसरते आणि फोन कट झाला असे समजून तो ठेवून देतो. होल्डवर दोन्ही बाजूंचा आवाज थांबतो आणि बहुतेक व्यवस्थांमध्ये त्याला संगीत किंवा सूचना ऐकू येते. त्यामुळे सहकाऱ्याला काही विचारायचे असल्यास, समोरच्याला तसे सांगून आणि त्याचा होकार घेऊन कॉल होल्डवर ठेवावा. हेडसेटवरील म्यूटचे बटण आणि सॉफ्टवेअरमधील म्यूट काही वेळा स्वतंत्र असतात, हेही ध्यानात असू द्यावे. एकीकडचे म्यूट काढून दुसरीकडचे तसेच राहिल्याने ‘हॅलो, हॅलो’ करण्यात बराच वेळ जातो.

ट्रान्सफरचे मुख्य प्रकार दोन. थेट ट्रान्सफरमध्ये नाव किंवा एक्स्टेन्शन (कार्यालयातील अंतर्गत क्रमांक) निवडून कॉल पुढे पाठवला की आपण त्यातून बाहेर पडतो. इंटरनेटवरील कॉलसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सिप या पद्धतीत त्यासाठी ‘रेफर’ नावाची विनंती असून ती २००३ मध्ये आरएफसी ३५१५ या इंटरनेटच्या तांत्रिक मानकांच्या दस्तऐवजात निश्चित झाली. आपले सॉफ्टवेअर या विनंतीद्वारे पलीकडच्या यंत्रणेला नव्या क्रमांकाशी जोडून घेण्यास सांगते आणि स्वतः बाजूला होते, म्हणूनच असा कॉल सहसा मागे खेचता येत नाही. पुढच्या व्यक्तीने तो उचलला नाही, तर तो व्हॉइसमेलवर जाऊ शकतो. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये उत्तर न मिळाल्यास कॉल आपल्याकडे परत यावा असा पर्याय निवडता येतो, आणि तो उपलब्ध असेल तेव्हा जरूर निवडावा.

दुसरा प्रकार सल्लामसलतीचा. यात मूळ कॉल होल्डवर राहतो, आपण सहकाऱ्याशी आधी बोलतो आणि त्याने तयारी दाखवल्यावरच ट्रान्सफर पूर्ण करतो. माझ्या मते व्यक्तीकडे पाठवायच्या प्रत्येक कॉलसाठी हीच रीत असावी. थेट ट्रान्सफर स्वागतकक्ष किंवा मदतकक्षाच्या सामायिक रांगेपुरते राखून ठेवावे. सहकाऱ्याशी बोलताना कोण आहे, काय हवे आहे आणि आतापर्यंत काय झाले एवढेच सांगावे. त्याच्या नावापुढील हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये, कारण त्यावरून तो टेबलाशी मोकळा बसला आहे याची खात्री होत नाही. त्याने नकार दिला, तर सल्ल्याचा कॉल संपवून होल्डवरच्या व्यक्तीकडे परतावे आणि निरोप लिहून घ्यावा किंवा परत फोन करण्याची वेळ ठरवावी.

कोणाकडे पाठवायचे ते नक्की असले, पण ती व्यक्ती इमारतीत नेमकी कोठे आहे हे ठाऊक नसले, तर कॉल पार्क करणे, म्हणजे दुसऱ्या फोनवरूनही घेता येईल अशा सामायिक होल्डवर ठेवणे, सोयीचे ठरते. पार्क केल्यावर मिळणारा कोड संदेशाने कळवला की ती व्यक्ती जवळच्या कोणत्याही फोनवरून कॉल घेऊ शकते. टीम्सच्या मूळ सेटिंगनुसार ३०० सेकंदांत कोणी कॉल घेतला नाही, तर तो पार्क करणाऱ्याकडे परत येतो, त्यामुळे तोवर दुसऱ्या कामात गुंतू नये. ही सुविधा आधी प्रशासकाने सुरू करावी लागते.

ट्रान्सफर पूर्ण करण्याआधी समोरच्याला ज्याच्याकडे कॉल जात आहे त्याचे नाव, विभाग आणि थेट क्रमांक सांगावा.