सॅट आणि एसीटीचे गुण कोठे पाहावेत आणि कसे वाचावेत

अमेरिकेतील हायस्कूलच्या विद्यार्थ्याच्या हाती सॅटचा, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठी दिल्या जाणाऱ्या परीक्षेचा, निकाल आला की त्याची नजर एकूण गुणांवर जाते आणि बहुतेक वेळा तेथेच खिळून राहते. वास्तविक उपयोगाची माहिती त्या आकड्याच्या आजूबाजूला असते, आणि ती वाचायला अर्धा तासही पुरतो.

प्रथम निकाल मिळवावा. सॅटची नोंदणी करताना ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर जे खाते उघडले होते, त्यातूनच लॉग-इन करावे. पासवर्ड विसरला म्हणून नवे खाते उघडू नये, कारण मग जुने निकाल एकीकडे आणि नवे दुसरीकडे अशी स्थिती होऊ शकते. शनिवारी घेतल्या जाणाऱ्या परीक्षेचे गुण साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांत दिसतात. एसीटी या कॉलेज प्रवेशासाठीच्या दुसऱ्या परीक्षेचा निकाल मायएसीटी या खात्यात मिळतो, तर एपी (हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज-स्तरावरील अभ्यासक्रमांच्या) परीक्षांचे १ ते ५ या श्रेणीतील गुण जुलैमध्ये जाहीर होतात. परीक्षा शाळेतच झाली असेल आणि खाते नसेल, तर शाळेच्या समुपदेशकांना विचारावे.

त्यानंतर विभागवार गुण पाहावेत. सॅटमध्ये वाचन-लेखन आणि गणित या दोन विभागांना प्रत्येकी २०० ते ८०० गुण असतात, म्हणून एकूण गुण ४०० ते १६०० या दरम्यान येतात. कॉलेजच्या अभ्यासक्रमासाठीच्या तयारीची खूण म्हणून वाचन-लेखनात ४८० आणि गणितात ५३० या पातळ्या ठरवलेल्या आहेत. एकूण ११०० गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला वाचन-लेखनात ६०० आणि गणितात ५०० असतील, तर एकूण आकडा चांगला दिसत असूनही गणिताकडे लक्ष देण्याची गरज आहे, हे विभागवार गुण पाहिल्यावरच कळते.

पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे, आणि येथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. ७० पर्सेंटाइल म्हणजे ७० टक्के उत्तरे बरोबर आली असे नसून, तुलनेच्या गटातील ७० टक्के विद्यार्थ्यांना तुमच्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळाले असा त्याचा अर्थ होतो. हा गट कोणता, हेही पाहावे: एक पर्सेंटाइल देशभरातील विद्यार्थ्यांच्या प्रातिनिधिक गटावर आधारलेले असते, तर दुसरे प्रत्यक्ष सॅट दिलेल्यांवर. कॉलेज प्रवेशाचा विचार करताना दुसरे अधिक उपयोगी, कारण स्पर्धा त्यांच्याशीच असते.

अहवालात गुणांचा एक पट्टाही दाखवलेला असतो. समजा, गणितात ६०० गुण आहेत आणि पट्टा ५७० ते ६३० आहे. म्हणजे तीच परीक्षा दुसऱ्या दिवशी दिली असती तर गुण बहुधा याच पट्ट्यात पडले असते. त्यामुळे पुढच्या वेळी २० गुण वाढले वा घटले, तर तेवढ्यावरून प्रगती किंवा पीछेहाट झाली असे मानणे मला योग्य वाटत नाही.

पीएसएटीचे, म्हणजे सॅटच्या आधी सरावासाठी दिल्या जाणाऱ्या परीक्षेचे, गुण ३२० ते १५२० असले, तरी त्यांचे मोजमाप सॅटच्याच पट्टीवर होते. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठीचा निवड निर्देशांक काढताना वाचन-लेखनाच्या गुणांची दुप्पट करावी, त्यात गणिताचे गुण मिळवावेत आणि बेरजेला १० ने भागावे. ६४० आणि ६०० गुण असतील, तर निर्देशांक १८८ येतो. एसीटीची पट्टी मात्र १ ते ३६ अशी वेगळी आहे.

शेवटी आपले गुण पसंतीच्या कॉलेजच्या आकड्यांशेजारी ठेवावेत. अनेक कॉलेजे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे पत्रक प्रसिद्ध करतात आणि त्यात, गुण सादर करून प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचे २५ व्या व ७५ व्या पर्सेंटाइलचे गुण दिलेले असतात. आपले गुण या दोहोंच्या दरम्यान असले, तर ते तेथील प्रवेशितांच्या मधल्या निम्म्या गटात बसतात. गुण पाठवणे ऐच्छिक असलेल्या कॉलेजांच्या बाबतीत ते पाठवावेत की नाही, हे या तुलनेवरून ठरवता येते. मात्र त्या कॉलेजचा चालू वर्षाचा नियम अर्जापूर्वी त्याच्या संकेतस्थळावर वाचून घ्यावा.