व्हॅस्क्युलायटिसमधली किडनी: सोलापुरात रेडिओलॉजीला नव्याने लागलेल्यांसाठी

सिव्हिलमध्ये असा किंवा खासगीत, एक कागद लवकरच हाती येतो: ‘व्हॅस्क्युलायटिस (म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह), किडनीची सोनोग्राफी करणे’. प्रोब उचलण्याआधी फिजिशियनला फोन लावून विचारा, कुठल्या मापाच्या रक्तवाहिन्यांचा? कोणती तपासणी कामाची, हे त्यावरच ठरतं.

अँका (लहान रक्तवाहिन्यांच्या दाहात रक्तात सापडणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह रुग्णात किडनीतला आजार ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे किडनीच्या सूक्ष्म गाळणीत असतो. ग्लोमेरुलस पाव मिलिमीटरहून लहान. तो सोनोग्राफीत दिसत नाही, सीटीतही नाही. किडनी आकाराने ठीक, फार तर कॉर्टेक्स (किडनीचा बाहेरचा थर) थोडा पांढुरका. अशा वेळी नुसतं ‘नॉर्मल’ लिहून कागद परत पाठवू नका. क्रिएटिनिन आठवड्याभरात दुप्पट होऊ शकतं आणि तुमच्या ‘नॉर्मल’वर वॉर्ड निर्धास्त राहतो. रिपोर्टात एक ओळ घालाच: ग्लोमेरुलर आजार यातून वगळता येत नाही, लघवीतल्या लाल पेशी, कास्ट (किडनीच्या नलिकांत तयार होणारे साचे), प्रोटीन आणि क्रिएटिनिनशी पडताळावे. इथे निकाल बायोप्सीचा. सोनोग्राफीचं काम किडनीची लांबी, कॉर्टेक्सची जाडी आणि सुईची वाट दाखवण्याचं.

टाकायासूमध्ये, म्हणजे एऑर्टा आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या दाहात, मात्र चित्र उलटं. वयाच्या विशीतली बाई, बीपी १८०च्या वर, विड्या वळताना डावा हात भरून येतो अशी तक्रार. चारही हातापायांचं बीपी घ्या. डाव्या मनगटाची नाडी लागत नसेल आणि बीपी तेवढ्याच हाताचं घेतलं असेल, तर आधीचे ‘नॉर्मल’ आकडे विश्वासाचे नाहीत. इथे रीनल आर्टरीच (किडनीची रक्तवाहिनी) आवळलेली असू शकते, आणि ती डॉपलरला सापडते.

तयारी साधी: ६ ते ८ तास उपाशी. ‘नुसता चहा घेतलाय’ म्हणणारे रोज भेटतील. गॅसमुळे मुख्य आर्टरी झाकली की तपासणी वाया. बीपीची गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगा. श्वास धरणं निम्मी लढाई आहे. अक्कलकोट किंवा विजयपूरकडच्या रुग्णाला ‘उसिरु हिडीरि’, पूर्व भागातल्या तेलुगू भाषकाला ‘ऊपिरि बिगबट्टंडि’ म्हटलं की काम पटकन होतं.

२ ते ५ मेगाहर्ट्झचा कर्व्ह प्रोब. लांबी मोजा, दोन्ही किडन्यांत दीड सेंटिमीटरहून जास्त फरक असला तर कान टवकारा. मग कुशीवर वळवून किडनीच्या आत वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या सेगमेंटल आर्टरीचे वेव्हफॉर्म घ्या. स्वीप स्पीड वाढवून स्क्रीनवर दोन-तीनच ठोके ठेवा, नाहीतर ॲक्सिलरेशन टाइम (वेव्हफॉर्म शिखरापर्यंत चढायला लागणारा वेळ) नीट मोजता येत नाही. तो ७० मिलिसेकंदांच्या वर, चढण संथ आणि शिखर बुटकं असेल तर अडथळा वर कुठेतरी आहे. वॉल फिल्टर जास्त ठेवला की डायस्टोलिक प्रवाह पुसला जातो आणि रेझिस्टिव्ह इंडेक्स (किडनीतल्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचं माप) उगाच वाढलेला दिसतो.

मुख्य आर्टरीत पीक सिस्टोलिक वेग २०० सेंमी प्रतिसेकंदाच्या आसपास किंवा वर गेला, तर ६० टक्क्यांहून जास्त आकुंचनाचा संशय घ्या. बीम आणि प्रवाह यांतला ॲंगल ६० अंशांच्या आत हवाच. ७०वर वेग फुगतो आणि नसलेला स्टेनोसिस (आकुंचन) उभा राहतो. पाठ्यपुस्तकातलं ३.५ रीनल-एऑर्टिक गुणोत्तर (रीनल आर्टरीचा वेग भागिले एऑर्टाचा वेग) इथे जपून वापरा. टाकायासूत एऑर्टाच अरुंद असू शकतो, मग त्याचा वेग आधीच वाढलेला, म्हणून गुणोत्तर खोटं कमी येतं. दोन्ही किडन्यांत वेव्हफॉर्म बुटकं दिसलं तर दोष एऑर्टात शोधा. आणि जादाची रीनल आर्टरी सुमारे चौथाई लोकांत असते. ती सुटली की ‘डॉपलर नॉर्मल, बीपी मात्र उतरत नाही’ हा घोळ सुरू होतो.

शंका उरली तर सीटी अँजिओ, एऑर्टिक आर्चपासून इलियाकपर्यंत, १ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइस. फक्त पोट मागवलं तर हाताकडे जाणारी सबक्लेव्हियन आर्टरी हुकते. नुसतं ल्युमेन (आतली पोकळी) पाहू नका, भिंतीची जाडीही लिहा. एप्रिल-मेच्या उन्हात रुग्ण आधीच सुकलेला असतो. ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) ३०च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्टआधी नेफ्रोलॉजिस्टशी बोलून सलाइनचं ठरवा. एमआर अँजिओत रेडिएशन नाही, म्हणून तरुण मुलींच्या फॉलोअपला तीच बरी, पण इतकी किडनी कमजोर असेल तर गॅडोलिनियम (एमआरचं कॉन्ट्रास्ट) कोणतं आहे ते तपासा.

पॉलीआर्टेरायटिस नोडोसाची (मध्यम मापाच्या आर्टरींचा दाह) शंका असेल, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असेल, तर बायोप्सीआधी आर्टरी पाहा. किडनीतल्या सूक्ष्म ॲन्युरिझमला (आर्टरीच्या फुगीर भागाला) सुई लागली तर रक्तस्राव जिवावर बेततो. सीटीत पाचरीच्या आकाराचे इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेले भाग) दिसतात, बारीक ॲन्युरिझम सुटू शकतात. तिथे कॅथेटर अँजिओ लागते.

पेट-सीटीबद्दल नातेवाईक विचारतील. मोठ्या आर्टरींचा दाह त्यात छान दिसतो, पण त्यासाठी टोचलेलं एफडीजी (किरणोत्सारी साखर) लघवीतूनच बाहेर जातं, त्यामुळे किडनी तशीही चमकते. किडनीसाठी तो खर्च करायला लावू नका.

रिपोर्टात वेग, ॲंगल आणि प्रत्येक भागाचा ॲक्सिलरेशन टाइम आकड्यांत लिहा. स्टेरॉइड सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी मशीनवर दुसराच रेसिडेंट असतो, त्याला ‘सौम्य स्टेनोसिस’ या शब्दांशी काहीच ताडून पाहता येत नाही.